राजीनाम्यातला ‘येतो’

बडोद्याच्या पोलीस खात्यात तीस वर्षं काढली, खून-दरोडे पाहिले. पण मनात रुतून बसली ती एका ईमेलची तक्रार.

गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते तेव्हाची गोष्ट. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, तरसालीत राहणारे एक गृहस्थ अर्ज घेऊन ठाण्यात आले. अमेरिकेतल्या मुलाच्या ईमेलमध्ये घुसून कुणीतरी त्याच्या नावाने कंपनीला राजीनामा पाठवला होता. कंपनीने तो चौकशीपुरता बाजूला ठेवला होता. मंजूर झाला तर नोकरी जाणार आणि व्हिसाही. “तिकडचे म्हणतात, परदेशी टोळी असेल,” ते म्हणाले.

टोळीला राजीनाम्यात काय मिळणार, डोंबल? मी कागद वाचला. इंग्रजी अगदी शुद्ध, शाळेत शिकवतात तसं. शेवटी मात्र इंग्रजीतच लिहिलं होतं, ‘साहेब, आता मी येतो.’ नोकरी सोडणारा साहेबाला ‘येतो’ कशाला म्हणेल? निघताना ‘जातो’ म्हणू नये, ही आपल्या घरातली शिकवण. लिहिणारा आपल्यातलाच, अशी खूणगाठ मी बांधली.

कंपनीकडून माहिती मागवली. राजीनामा तरसालीतल्याच कॅफेतून गेला होता. मालकाने रजिस्टर पुढे केलं. “बेन तो दर गुरुवारे आवे छे, साहेब. दीकराना मेल वांचवा.”

मुलाचे मेल वाचायला दर गुरुवारी येणाऱ्या या बेन म्हणजे अर्जदारांच्या पत्नी, निवृत्त शिक्षिका. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

“पासवर्ड कुणी दिला, बाई?”

“त्यानेच. जाण्याआधी खातं उघडलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते. बदललाच नाही वेड्याने.”

“आणि राजीनामा?”

“मित्राला लिहिलं होतं त्याने, आता भारतात परत जायचं नाही, घरी कसं सांगू. निघताना मला ‘येतो’ म्हणाला होता ना? मग मी काय खोटं लिहिलं, साहेब?”

मला राग यायला हवा होता; आला नाही. माझीही मुलगी परदेशातच होती, आणि तिची इतकी आठवण मला त्याआधी कधी आली नव्हती.

मुलाने कंपनीला समजावलं, नोकरी वाचली. तक्रार मागे घेतली, स्टेशन डायरीत नोंद झाली.

पुढे एका प्रशिक्षणात देशोदेशीचे सायबर गुन्हे फळ्यावर मांडले होते. कुठे बँका लुटणाऱ्या टोळ्या, कुठे खोट्या लॉटरीची पत्रं, कुठे कंपन्यांच्या गुपितांची चोरी. आपल्या देशापुढे काय लिहायचं? मी म्हणालो, “इथे पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक असतो.” सगळे हसले. तिकडे अनोळखी माणसापासून जपायचं असतं. इथे मायेपासून कसं जपायचं, ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

त्या दिवशी त्यांच्या घरूनच मुलाला फोनवर मीच दरडावलं होतं, पासवर्ड आजच्या आज बदल. त्याने बदलला. मी निघालो तेव्हा बाई दारापर्यंत आल्या.

“आम्हाला लिहितो तेव्हा तो नेहमी मजेतच असतो हो. ताप आला, हात भाजला, हे सगळं मित्रांना. आता मला कसं कळायचं?”

सल्ला बरोबरच होता. आजही कुणी विचारलं तर तोच देतो. पण माझ्या मुलीचा ‘मजेत आहे’ असा मेल आला, की त्या बाईंची आठवण येऊन मी तो दोनदा वाचतो.