बा बुशताचं बियाणं

बा बुशताचं शेत आमच्या रिफच्या डोंगरात सगळ्यांत वर, खिंडीजवळ. तिथं हा म्हातारा, गावात सगळ्यांचाच बा, फक्त देशी किफ लावायचा, म्हणजे आमचा जुना गांजा. कमरेच्या वर जात नाही, पण पाण्यावाचून उन्हाळा काढतो. आसपास दुसरं शेत नाही, म्हणून त्याचं बी निर्भेळ राही. पेरणीआधी लोक त्याच्या दाराशी जात आणि तो ओंजळीनं बी घाली. मी जन्मभर दगडी बांध घातले. मी दगड निवडायचो तसा तो बियाण्याची झाडं निवडायचा, घाई न करता.

गावात संकरित झाड लावायचं नाही असं ठरलेलं. ते झरा पिऊन टाकतं. बाजारचं संकरित बी लावेल त्याच्या कापणीला कुणी जात नाही. हा नियम बुशताच सगळ्यांना ऐकवायचा.

त्याच बुशतानं जावयानं आणलेली संकरित रोपं घरामागं झऱ्याच्या ओलीत लावली. एकदा बघावं म्हणून. काही नर निघाली. बियाण्यासाठी नर उभे ठेवायची त्याला जन्माची सवय, त्यामुळे हात रेंगाळला. उपटायला गेला तेव्हा परागानं बाही पिवळी झाली. वारा खाली वाहतोय, वर शेताकडे पराग जायचा नाही, असं मनाशी म्हणून त्यानं ती झटकली. वसंतात नेहमीसारखं बी वाटलं. हे त्यानंच पुढे सांगितलं.

बाकीच्यांकडे जुनं बी शिल्लक होतं, त्यांनी आधी तेच पेरलं. रहमाचं उंदरांनी खाल्लेलं, म्हणून तिनं सगळं शेत त्याच्या बियाण्यावर पेरलं. ती विधवा, एकटी राबणारी. पीक वर आलं तर एक झाड पुरुषभर उंच, पानं बारीक बोटांसारखी. शेजारचं बुटकं, रुंद काळपट पानांचं. काही लवकर फुलून वाळली, काही कापणीपर्यंत कोवळीच. आणि सगळी तहानलेली. रहमा खेचरावर पाणी आणून एकेका बुंध्याला घालायची. दोरानं तिचे तळहात सोलून निघाले होते.

कापणीला आम्ही जमलो. बांधावर चहा घेताना आमच्यातला मीमून म्हणाला, "हे शेत आहे की वरात गं? आजोबा, नवरा, पोरं, सगळेच आलेत!"

"बा बुशताचंच बी आहे."

"त्याच्या बियाचं असं होत नाही. बाजारातून आणलंस, कबूल कर."

"अल्लाशपथ नाही!"

"शपथेनं झाडं सारखी होत नसतात, बाई."

सगळे हसले. रहमानं बुशताकडे पाहिलं. तो पेल्यात बघत होता.

"मीमून, साखर दे जरा," तो म्हणाला.

रहमा चहा तसाच ठेवून उठली आणि एकटीच कापायला लागली. तिच्यामागं कुणी उठलं नाही. मीमून विळा कमरेला खोचून घरी निघाला, दुसरेही निघाले.

तेव्हा बुशता बोलला. "थांबा. बी माझंच खराब आहे. घरामागं मी संकरित लावलं होतं."

"बा, तिची दया आली म्हणून काहीही बोलू नकोस," मीमून म्हणाला.

"माझ्या शेतात चला."

यंदा त्यानं तिकडे कुणाला फिरकू दिलं नव्हतं. आम्ही वर गेलो. लांबून शेत सपाट, जवळ गेलं तर प्रत्येक उंच झाडाचा शेंडा छाटलेला. छाटलेल्या जागी झाडं फांद्या फोडून पुन्हा वर येत होती, ती त्यानं पुन्हा छाटली होती. शेंडे बांधाच्या दगडांत कोंबलेले. एवढं काम म्हाताऱ्यानं उन्हात एकट्यानं केलं होतं, फक्त कुणाला दिसू नये म्हणून. त्यातल्या निम्म्या मेहनतीत रहमाच्या शेताला पाणी मिळालं असतं.

 मीमून मान खाली घालून उतरला, रहमाच्या शेतात शिरला आणि कापू लागला. आम्हीही.

बुशता मागून आला. वाकणार तोच रहमानं त्याच्या हातातला विळा काढून घेतला आणि बांधावर ठेवला.

"तुझं शेत कापायचं राहिलंय, बा," ती म्हणाली. "तिथं जा."

तो गेला. त्याच्याबरोबर कुणी गेलं नाही.