कडेच्या काड्या

दादा बोटीवर स्वयंपाकी होता. नव्वदचं दशक सरता सरता तो दिवाळीला कोल्हापूरला आला, तेव्हा फोटोच्या रिळाच्या काळ्या डबीत ओव्यासारखं दिसणारं बी घेऊन आला. पार्सली, म्हणाला. राजारामपुरीतल्या आमच्या घरामागे, धुण्याच्या दगडापलीकडे, आईचा लहानसा परस होता. अळू, गवती चहा, कढीलिंब. तिथंच एका वाफ्यात त्यानं ते बी भिजवून पेरलं.

शिरोळहून आलेला मामा रोज सकाळी वाफ्यात डोकावायचा. ऊस पिकवणारा माणूस, त्याला मोकळी माती बघवत नसे.

"बोटीवरचं पावणं, तुमचं बी मेल्यालं हाय. कोथमीर असती तर आतापतूर खाऊन झाली असती."

"मामा, ह्याला दम लागतो. म्हैनाबी लागतो कधी."

उगवण्याआधीच दादाची रजा संपली. निघताना त्यानं आईला कापायची रीत सांगितली. मधलं जावळ खुडायचं नाही. कडेच्या काड्या तेवढ्या बुडातून काढायच्या, म्हणजे झाड आतून वाढत राहतं. तो गेल्यावर काही दिवसांनी वाफा हिरवा झाला.

पान कोथिंबिरीसारखंच, जरा रुंद आणि चकचकीत. वास मात्र ओल्या गवताचा, किंचित कडसर. पिठल्यावर कोथिंबीर समजून घास घेतला की जीभ थबकायची. रस्त्यात ओळखीच्या पाठीला हाक मारावी आणि वळलेला चेहरा परकाच निघावा, तसं व्हायचं.

पावसाळ्यात कंपनीचा फोन आला. दादा सकाळी बोटीवर नव्हता. समुद्रात शोधलं, सापडला नाही.

देहच आला नाही, त्यामुळे घरात रडणंही नीट झालं नाही. मामा म्हणाला, ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आपणही तेच करू. अग्नी मी, धाकट्या भावानं द्यायचा. आईनं मामाला परसात नेलं. पावसात मुळं कुजू नयेत म्हणून तिनं वाफ्यावर खताच्या पोत्यांचं छप्पर केलं होतं.

"ह्ये बघ. त्यानं लावल्यालं जितं हाय. ह्ये हिरवं हाय तवर माझ्या पोराचा पुतळा कुणी करायचा न्हाय."

"आक्का, झाडाचं आन् माणसाचं..."

"न्हाय म्हटलं की."

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो. तिथल्या ग्रंथालयात बागकामाचं एक पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं, हे झाड दोन वर्षांचं. दुसऱ्या वर्षी फुलतं, बी धरतं आणि मरतं. आईला सांगितलं नाही. नुसता वाट पाहत राहिलो.

ती रोज कडेच्या काड्या कापून दादाच्या पेल्यात पाण्यात ठेवी. दुपारी मी मागच्या खोलीत वाचत बसलो की कधी कधी तो वास एकदम उग्र होऊन यायचा, आत्ताच कुणी कापल्यासारखा. बाहेर येऊन बघावं तर वारा पडलेला, आई आत झोपलेली आणि वाफ्यापाशी कुणी नाही. तरीही उकिडवं बसलेलं माणूस नुकतंच तिथून उठलंय असं वाटायचं. मी भर दुपारी कडी लावून घ्यायचो.

एकदा आई झोपेतून उठून आली. "मगाशी वाफ्यापाशी तूच बसला हुतास नव्हं?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या हिवाळ्यात बडीशेपेसारखी फुलांची छत्री आली, बी झडलं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. तिसरी थंडी आली तरी वाफा हिरवाच. पुस्तक चुकलं, म्हणून आधी बरं वाटलं. मग भीती वाटू लागली. कशाच्या जोरावर जगतंय हे?

एका सकाळी मी बसून पानं बाजूला सारली. मधोमध बोटभर जाडीचा तपकिरी दांडा उभा होता, पोकळ. हात लावताच मुळासकट वर आला, काडीइतका हलका. भोवती होती ती सगळी झडलेल्या बियांची नवी रोपं. दादानं लावलेलं झाड कधीच मेलं होतं. त्याच्याच पोरांनी ते झाकून धरलं होतं.

मागे आई उभी होती.

"मला ठाव हाय. उन्हाळ्यातच वाळलं त्ये."

"मग बोलली का नाहीस?"

"पानी घालायचं कसं थांबवायचं, सांग." तिनं माझ्या हातातला दांडा घेतला. मग म्हणाली, "मामाला बोलीव."

पंचगंगेच्या काठी पळसाच्या पानांचा दादा झाला. डोक्याच्या जागी नारळ. आई आली नाही. निघताना तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी माझ्या हाती दिली होती. "तोंडापाशी ठेव. कडेच्याच काड्या हायत."

वाळकी पानं भसकन पेटली. नारळ फुटला. जुडी मात्र जळेना. तिच्यातलं पाणी सूं सूं करत राहिलं, दातांतून कुणी श्वास घ्यावा तसं. धुराला वास पळसाचा नव्हता, मागच्या खोलीतल्या दुपारचा होता. मामा दोन पावलं मागे सरला. मी शेवटची काडी काळी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

घरी आलो तेव्हा आई धुण्याच्या दगडावर बसली होती.

"जळली का?"

"हिरवी होती. वेळ लागला."

"लागणारच," ती म्हणाली. "उगवायलाबी लागलाच हुता की."