दोन छपरांमधली पन्हळ

इंग्लंडातल्या डेव्हनमधला तो पाद्रीबंगला समोरून बघितला तर आत एखादा सरदार राहत असावा असं वाटे. उंच खिडक्या, खांबांचा दरवाजा, सगळा थाट. मागे वळलं की बुटकं, तीनशे वर्षांचं जुनं घर आणि त्यातच स्वयंपाकघर. पूर्वीच्या एका पाद्र्याला श्रीमंत बायको मिळाली, तिने जुन्या घराला हा नवा चेहरा चिकटवला. दोन्ही छपरांचं पाणी मधल्या पन्हळीत उतरायचं आणि तिथून थेट घरात. छपरं दुरुस्त करणाऱ्या एमॉस टकेटचं आयुष्य त्या पन्हळीवर चाललं होतं.

म्हणजे पोटासाठी गावात इतर छपरं होती. ही पन्हळ वेगळ्या कारणासाठी. गळती लागली की एमॉसला बोलावणं यायचं आणि काम झालं की स्वयंपाकीण हेस्टर त्याला चहा द्यायची, साय लावलेले बन द्यायची, वर टोमणेही द्यायची.

"अहो टकेट, तुमचं ठिगळ पावसाची चाहूल लागताच पळून जातं का हो?"

"पन्हळीच्या पत्र्याचं शिसं म्हातारं झालंय, हेस्टरबाई."

"शिसंच ना?"

वीस वर्षं हेच. एमॉस ठिगळ मारताना एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवायचा. छपरावर बिनधास्त चालणारा हा गडी, लग्नाचा विषय ओठांवर आला की घाईघाईने बन तोंडात कोंबायचा.

मग मिस्टर फॅन्शॉ नावाचे नवे पाद्री आले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या उशीवर धार लागली. माणूस उत्साही, त्यांनी एक्झिटर शहरातून कारागीर आणून पन्हळीत जाड, नवंकोरं शिसं बसवून घेतलं. मुसळधार पाऊस झाला तरी थेंब नाही. पाद्री खुशीत, आणि एमॉस घरी एकटाच चहा ढवळत बसलेला. बिनकामाचं जावं तर गाव जिभा सैल सोडणार.

शेवटी एका रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, त्याने छिन्नी घेतली आणि बंगल्याला शिडी लावली. पापच ते, तेही ऐन प्रार्थनेच्या वेळी. वर डोकं काढतो तर पन्हळीत हेस्टर! डोक्यावर सणाची टोपी, झगा खोचलेला, हातात मटणाचा सुरा, चेहरा घामाने निथळतोय. माळ्याच्या खिडकीतून बाहेर पडली होती.

"हेस्टरबाई! हे काय?"

"दिसत नाही? कधीची खरवडतेय. मेलं फाटतच नाही!"

"पण कशाला?"

"कशाला म्हणे! गळायचं थांबलं तर तुम्ही यायचेच थांबलात. आता मी काय तुमच्या दारात येऊन बसू?"

एमॉसने हातातली छिन्नी पन्हळीत ठेवली. इतकी वर्षं आपण केवढे गाढव होतो, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"हेस्टर, माझ्याशी लग्न करशील?"

"करीन. किती उशीर केलास रे!" म्हणताना तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात चर्च सुटलं. फाटकातूनच मिस्टर फॅन्शॉ घाबरून ओरडले, "टकेट! पुन्हा गळतंय की काय?"

"नाही, साहेब," हेस्टरने वरूनच सांगितलं. "आता गरज नाही."