अठ्ठेचाळीस दिव्यांचा कारभार

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात स्विचकाकांच्या शब्दाला मोठ्या साहेबांच्या शब्दापेक्षा जास्त वजन होतं. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलत. काका बदलत नसत, आणि काकांचा स्विचही बदलत नसे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या अरुंद खोलीत, लोखंडी कपाटात तो चपटा डबा पंख्याचा घुर्रघुर्र आवाज करत बसलेला असे. त्याला अठ्ठेचाळीस पोर्ट. प्रत्येक पोर्टात एक वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी संगणक नाहीतर प्रिंटर, आणि वर डोळा मिचकावणारा एक हिरवा दिवा. कुणाचा कागद कुठल्या प्रिंटरवर निघायचा, कुणाला कुठली माहिती दिसायची, हे सगळं तो डबा ठरवायचा. डब्याला ते काकांनी सांगून ठेवलेलं होतं.

रोज सकाळी काका कपाट उघडत, कान लावून पंखा ऐकत, बोटानं दिवे मोजत आणि समाधानानं मान डोलावत. एवढ्यालाच कार्यालयात 'स्विचचं व्यवस्थापन' म्हणत. सफाईवाल्या मावशी फडकं घेऊन आल्या की काका शेजारी उभे राहत. "कोरडं पुसा, मावशी. आणि मागच्या वायरीला हात नको." मावशी म्हणत, "तान्ह्या लेकराला पण एवढं जपत नाहीत हो." काका नुसते हसत. खरी गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. स्विचचा पासवर्ड त्यांना येत नव्हता. आज नाही, काल नाही, गेली सहा वर्षं येत नव्हता.

झालं होतं असं. स्विच बसवला तेव्हा विकणाऱ्याचा माणूस येऊन जुजबी मांडणी करून, ती सेव्ह करून गेला आणि पासवर्डाची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून गेला. पुढची तीन वर्षं काकांनी त्या मांडणीत मनसोक्त बदल केले. हुकूम दिला की स्विच लगेच ऐकायचा, त्यामुळे काकांना वाटायचं की तो लक्षातही ठेवतो. मग वरून परिपत्रक आलं: पासवर्ड कठीण ठेवा, कुठेही लिहू नका. काका आज्ञाधारक माणूस. त्यांनी इतका कठीण पासवर्ड ठेवला की टाकताना त्यांचाच ऊर अभिमानानं भरून आला. कुठेही लिहिला नाही. चारच दिवसांनी प्रशिक्षणात गुरुजी म्हणाले, "केलेला बदल वेगळा सेव्ह करावा लागतो. नाहीतर वीज गेली की सगळं गेलं, स्विच पुन्हा जुन्या मांडणीवर." काकांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवण टाकून ते कार्यालयात आले, स्विचसमोर बसले, पासवर्डाची चौकट उघडली, आणि डोक्यात नुसती धूळ!

तेव्हापासून काकांचं आयुष्य त्या डब्याची वीज न जाऊ देण्यात गेलं. दोन बॅटऱ्या लावल्या, एक बदलताना दुसरी चालू. आत हुकूम देता येत नव्हता, म्हणून कुणाला जागा बदलायची झाली की काका त्या माणसालाच गोडीगुलाबीनं समजावत: "त्या कोपऱ्यात पाठ धरते हो." सहा वर्षांत कार्यालयात एक खुर्ची हलली नाही. तक्रार विभागातल्या कारकुनाला बढती मिळाली, तीही होती त्याच खुर्चीवर. लोक म्हणत, काकांना माणसांची किती काळजी! झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता मूठ उघडायची वेळ आली होती. येत्या शुक्रवारी काका निवृत्त होणार होते आणि स्विच नव्या बाईंच्या ताब्यात द्यायचा होता. बाई दुसऱ्या कार्यालयातून बदलून आल्या होत्या, कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. ताबापत्रावर स्वच्छ ओळ होती: 'पासवर्ड दिला, चालवून दाखवला.' कार्यालय एकदाही बंद पडू न देणारा माणूस म्हणून काका निरोप घेणार होते. ती एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभरात कमावली होती, आणि आता तिचं हसं होणार होतं.

सोमवारी काका म्हणाले, "आज नको, स्विच तापलाय." मंगळवारी म्हणाले, "आज जरा नाजूक चाललाय." बुधवारी बाई म्हणाल्या, "काका, स्विच आहे का सासूबाई?"

घरी काकूंनी विचारलं, "जेवण जात नाही का?" काकांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. काकू विचारात पडल्या. "माझं नाव टाकून बघितलंत?"

"ते तर पहिल्यांदाच टाकलं," काका घाईनं म्हणाले. चोराच्या मनात चांदणं.

"आणि नाही उघडलं? मग कुणाच्या नावानं उघडतंय ते?"

त्या रात्री काकांना पासवर्डापेक्षा अवघड प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. गुरुवारी दार लावून घेऊन त्यांनी लग्नाची तारीख टाकली (ती आधी काकूंना फोन करून विचारावी लागली, त्याचं वेगळं ऐकावं लागलं), स्कूटरचा नंबर टाकला, परिपत्रकाचा क्रमांक टाकला. दर तीन चुकांनंतर स्विच पाव तास तोंड मिटून बसायचा. संध्याकाळपर्यंत काका त्याला अहोजाहो करू लागले होते.

शुक्रवारी सकाळी बाई लॅपटॉप आणि ताबापत्र घेऊन आल्या. काकांनी खोलीचं दार लोटलं, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, पासवर्ड मला येत नाही." आणि मग अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पासवर्ड बदललात, तोही सेव्ह केला नाहीत?"

"काहीच नाही केलं."

"मग वीज घालवा की, काका! सेव्ह न केलेलं सगळं जाईल. सगळ्यात तो पासवर्डही आला. उठल्यावर ह्याला दारावरच्या चिठ्ठीतला जुनाच पासवर्ड आठवेल."

काका आ वासून बघत राहिले. ज्या गोष्टीला सहा वर्षं भ्यालो, तेच औषध! वायर त्यांनीच ओढावी, असं बाई म्हणाल्या. काकांनी डोळे मिटले आणि ओढली. घुर्रघुर्र थांबली. त्या शांततेत तीन विभागांतून एकदम आवाज आले, "काकाऽऽ!"

वायर परत लावली. दिवे एकेक करून जागे झाले. चिठ्ठीतला पासवर्ड चालला. पण स्विच नऊ वर्षांपूर्वीच्या जगात जागा झाला होता. साहेबांचं पत्र भांडाराच्या प्रिंटरवर निघालं, भांडाराची नळांची यादी साहेबांच्या टेबलावर, आणि तक्रार विभागाला काहीच दिसेना, त्यामुळे तिथे फार वर्षांनी शांतता पसरली.

"आता मांडणी कशावरून करायची?" बाईंनी विचारलं. "नोंदवही?"

"लिहा," काका म्हणाले. "एक नंबर, साहेब. दोन, साहेबांचा प्रिंटर. तीन आणि चार नकाशेवाले, ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण प्रिंटर एकच द्या, तेवढाच संबंध राहतो. सात, हिशेबातल्या बाई, खिडकीशी होत्या, ऊन लागायचं म्हणून आत घेतल्या. अकरा रिकामा ठेवा, त्याचा दिवा लागतो पण काम करत नाही, आमच्याकडे अशी पद्धत आहे." असे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, कागद न बघता, चहा न पिता. बाईंची बोटं दुखली, काका थकले नाहीत. सव्विसाव्या नंबरला बाईंचा स्वर बदलला. चाळिसाव्याला त्या म्हणाल्या, "काका, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं हो." काकांनी नाक तेवढं पुसलं.

दुपारी साहेबांचं पत्र साहेबांकडे निघालं. सगळं सेव्ह झालं, दोनदा झालं. बाईंनी ताबापत्रावर सही केली, काकांनी केली. मग बाईंनी पासवर्ड बदलण्याची चौकट उघडली आणि जरा अवघडून म्हणाल्या, "काका, तोंड तिकडे करता?"

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि वाईट वाटलं. एके काळी ह्या खोलीत सगळ्यांना तोंड फिरवायला सांगणारे तेच होते. पण नियम म्हणजे नियम. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागून कळांची टकटक ऐकू येऊ लागली, तेव्हा अक्षरं मोजली जाऊ नयेत म्हणून त्यांनी कानांत बोटंही घातली.

पत्र घेऊन आलेल्या साहेबांनी दारातून आत पाहिलं. हाक मारली तरी काकांना ऐकू जाईना, म्हणून साहेबांनी जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा काकांनी एका कानातलं बोट काढलं. "काका, हे काय करताय?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

"निवृत्त होतोय, साहेब."