शालनवहिनींच्या घरातली वीजचोरी

"पयली तिची ट्रंक उघडा," शालनवहिनी म्हणाल्या. "शेगडी थयच लपयल्यान आसतली."

गोव्यात तुयेला, त्यांच्या मागीलदारच्या खोलीत मी टेस्टर घेऊन उभा होतो. समोर भाडेकरूची बायको, कल्पना. नवरा औद्योगिक इस्टेटमधल्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेलेला, मुलगी गावच्याच शाळेत, दुसरीत. माणसं गडहिंग्लजकडची.

तक्रार साधी होती. पाऊस लागल्यापासून वहिनींच्या मीटरवर युनिट भलतेच वाढले होते. खोलीला सबमीटर आहे, म्हणजे भाडेकरू किती वीज वापरतो ते दाखवणारा वेगळा छोटा मीटर. त्याचं रीडिंग मात्र नेहमीएवढंच. मग वाढलेली वीज जाते कुठे? वहिनींचं उत्तर तयार होतं: कल्पनाने सबमीटर चुकवून चोरून वायर ओढली आहे. रविवारपर्यंत खोली खाली करा, असं त्यांनी बजावलंही होतं. भर पावसात, पोरीची शाळा नुकती सुरू झालेली असताना. मला बोलावलं होतं ते फक्त पुराव्यासाठी.

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. वायरमनचं काम वर्षानुवर्षं केलं की माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही. तारेवर आकडा टाकणारे मी पाहिलेत, मीटरशी खेळणारे पाहिलेत, आणि त्यातले बरेचसे देवभोळे दिसायचे. मी ट्रंक उघडली. साड्या, पोरीच्या वह्या, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला पाणी तापवायचा रॉड.

"गावलो मरे!" वहिनी ओरडल्या.

"चोरून न्हाई लावत ओ," कल्पना म्हणाली. "पोरीला सर्दी झाली की तेवढं पाणी तापवतोय. मीटरवर येतंय की ते. लावून बघा."

लावून बघितलं. रॉड बालदीत सोडला तसा सबमीटर जोरात पळू लागला. म्हणजे रॉडची वीज चोख मोजली जात होती. तरी माझा संशय जाईना. उलट वाटलं, बाई हुशार आहे.

मग मी खोलीची लाइन बंद केली आणि वहिनींना घरातलं सगळं बंद करायला सांगितलं. मुख्य वायरला क्लॅम्प मीटर लावला. हा एक चिमटा असतो. वायर न कापता आतून किती करंट जातो ते सांगतो. किरकोळ काहीतरी दिसेल म्हणून बघतो तर करंट चांगलाच चालू.

"बघलात? कौलांतसून वायर ओडल्यान तिणा!" वहिनी म्हणाल्या.

मी शिडी लावून तासभर कौलांखाली फिरलो. जुनी वायर, पाली, कोळिष्टकं. दुसरं काही नाही. घामाघूम होऊन खाली आलो आणि जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. बोर्डवरचे स्विच एकेक करून पाडले. स्वयंपाकघराचा पाडला आणि मीटर शून्यावर आला.

"वहिनी, सगळं बंद केलंत ना?"

"केलंय. फ्रिज सोडून. फ्रिज कोण बंद करता?"

फ्रिज पुन्हा चालू करून मी कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून त्याच्यासमोर बसलो. वहिनींनी चहा दिला. चांगला फ्रिज थंड झाला की थोडा वेळ गप्प बसतो. चहा संपला, पाऊण तास गेला, हा घरघरतोच आहे. शेवटी त्याला भिंतीपासून ओढला आणि मागे पाहिलं.

मागच्या काळ्या जाळीवर कापडी पिशव्या ठासून भरलेल्या. सोलां म्हणजे आमसुलं, सुकं सुंगट म्हणजे सुकी कोळंबी, पापड. वर नातवाचे मोजे.

"पावसात सोलां बुरशेतत," वहिनी म्हणाल्या. "हय कशी कडकडीत रवतत. आमच्या वाड्यार सगळीच ठेयतत."

मी समजावलं. फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उपसून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळी झाकली की ती उष्णता तिथेच कोंडते, आणि बिचारा दिवसरात्र उपसत बसतो. तुमची वीज कुणी चोरली नाही, ती सोलां सुकवण्यात गेली.

पिशव्या काढल्या, जाळीवरची धूळ झाडली, मागे वीतभर जागा सोडली. तासाभराने फ्रिज टक्कन थांबला आणि घर एकदम शांत झालं.

वहिनींनी पिशव्या गोळा केल्या. मग म्हणाल्या, "पण रॉड होतो मरे तिच्याकडे!"

तरी त्या उठून मागीलदारी गेल्या. मीही गेलो. कल्पना भांडी पोत्यात भरत होती. "रव गो," वहिनी म्हणाल्या. "चूक झाली."

"नको काकू. धारगळला खोली बघितल्याय ह्यांनी. पोरीला लांब पडंल शाळा, पण जातोय."

"आता तर चोरी नाही हे सिद्ध झालं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "ते फ्रिजनं सिद्ध केलं काका. मी तर सकाळीच सांगत होतो."

मी टेस्टर खिशात घातला. फी न घेताच निघालो. मला लाज वाटत होती, आणि ती अजून वाटते.

तेव्हापासून अशी तक्रार आली की मी आधी मालकाचा फ्रिज ओढतो. भाडेकरूच्या दारात जायची पाळी आजवर दोनदाच आली.