कडुनिंबाच्या अर्जावरचा शेरा

दिल्लीत कडाक्याची थंडी पडली की लोकांना माझी आठवण येते. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात काम करते. राज्यांकडून येणारे उष्णतेच्या लाटांचे अहवाल वाचायचे आणि साहेबांसाठी त्यांचं दोन पानी टिपण करायचं, हे माझं काम. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या जानेवारीत आठवडाभर सूर्य दिसला नाही, तेव्हा त्याचा जाब मला विचारला गेला.

सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी धुक्यात बुडालेल्या पार्किंगचा फोटो टाकायचं आणि खाली लिहायचं, 'कहाँ गया ग्लोबल वॉर्मिंग? कोई ढूँढ के लाओ यार.' मी दोन स्वेटर घालून, पायाशी हीटर घेऊन उत्तर टाइप करायची. आजची हवा वेगळी आणि हवामान वेगळं. एका शहरातला एक गार आठवडा म्हणजे सगळी पृथ्वी नव्हे. सोबत आलेख जोडायची. आलेख कुणी उघडत नसे. उत्तरादाखल जोडलेले हात यायचे, नाहीतर 'गुड मॉर्निंग' लिहिलेलं गुलाबाचं फूल. रोज माझं पानिपत व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तयार. नवरा म्हणायचा, "सोड ना यार." मला सोडता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या लोकांना पटवायचं नव्हतंच, हरवायचं होतं.

सगळ्यात जास्त राग यायचा तळमजल्यावरच्या काकांचा. मंत्रालयातून निवृत्त झालेला शिकलासवरला मराठी माणूस, आणि ग्रुपवर लिहायचा, 'हमारे टाइम में भी इतनी ही गर्मी थी, बस रोने वाले कम थे.' पण त्यांना तोडून बोलायची सोय नव्हती. आम्ही दिल्लीत नवे आलो तेव्हा गॅस मिळेपर्यंत चार दिवस काकूंच्या हातचं जेवलो होतो.

काकांच्या अंगणाला लागून, गेटच्या आत, मोठा कडुनिंब होता. त्याच्या खाली एक बाई टेबल मांडून सगळ्या सोसायटीच्या कपड्यांना इस्त्री करायची. कोळशाची जड इस्त्री. आदल्या वर्षी मे महिन्यात ती सावलीत असूनही मटकन खाली बसली होती. मी मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. थोड्या वेळाने उठून तिने निखारे फुंकले आणि म्हणाली, "पेड़ है तो निकल जाता है, दीदी." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

संक्रांतीच्या दिवशी धुकं जरा विरलं. दुपारी काका आमच्या दारात उभे. एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्या हातात कागद.

"तिळगूळ घे, गोड बोल," ते म्हणाले, "आणि इथे सही कर."

कडुनिंबाच्या छाटणीचा अर्ज होता. कमिटीत ठेवायचा होता. आमच्या जिन्यातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझी तेवढी राहिली होती. गारठ्याने काकूंचे गुडघे धरले होते आणि झाडामुळे अंगणात ऊन पोचत नव्हतं.

"काका, मे महिन्यात काय कराल?"

"मेचं मेमध्ये बघू. आत्ता तुझी काकू तीन रजया घेऊन बसलीय. तू म्हणतेस ना, गरमी वाढतेय? अगं, वाढू दे की थोडी."

माझं डोकंच फिरलं. तोंडात तिळगूळ होता, तो तसाच गिळून मी सुरू झाले. सरासरी, समुद्राचं तापमान, ध्रुवाकडची थंड हवा, शहरातलं काँक्रीट. काका भिंतीला टेकून शांतपणे ऐकत होते. मधे एकदा त्यांनी मला आणखी एक वडी दिली.

"अच्छा," सगळं संपल्यावर ते म्हणाले. "मग हे कागदावर लिहून दे. तुझी सही नको, तुझं मत दे. कमिटीत मी स्वतः वाचून दाखवतो."

मी त्यांना बसवलं आणि अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शेरा लिहिला. पंचवीस वर्षांची सवय. इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक घालून. पहिल्यात हवा आणि हवामान यांतला फरक, दुसऱ्यात जागतिक परिस्थिती, तिसऱ्यात शहरी वृक्षांचं महत्त्व, आणि शेवटी 'वरील बाबी लक्षात घेऊन योग्य तो निर्णय व्हावा'. इतका नेटका शेरा ऑफिसातही क्वचित जमतो. मी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवला.

काकांनी शब्द पाळला. कमिटीत त्यांनी तो अख्खा वाचला. ऐकणारे कोटाच्या खिशात हात घालून बसले होते. वाचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "बहुत अच्छा लिखा है, बिल्कुल सही," आणि अर्ज मंजूर झाला. मी संतापून घरी आले. या लोकांशी बोलण्यात अर्थच नाही, असं नवऱ्याला तीनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात दोर आणि कुऱ्हाडी घेऊन माणसं आली. छाटणी म्हणत म्हणत त्यांनी खोड आणि दोन थोटकं तेवढी ठेवली. दुसऱ्या दिवशी नेमकं स्वच्छ ऊन पडलं. काकू अंगणात खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या. मी इस्त्रीवालीकडे गेले, तिचं सांत्वन करायच्या तयारीने. तिने टेबल ओढून भर उन्हात घेतलं होतं.

"अच्छा हुआ दीदी, धूप आ गई. उँगलियाँ ही नहीं चलती थीं."

"और गर्मी में?"

"गर्मी आने तो दो."

मला तिचाही राग आला. वर येऊन मी ग्रुपवर आणखी एक आलेख टाकला.

मग गर्मी आली. एप्रिलच्या शेवटी तिने खोडापासून भिंतीपर्यंत एक जुनी चादर बांधली. लूचा भाजरा वारा सुटला की ती फडफडून निघायची आणि बाई हातातली इस्त्री ठेवून तिच्यामागे धावायची. मग ती पहाटे येऊन दहाला जायला लागली. मे महिन्यात एके दिवशी टेबलाजवळच कोसळली. मी तेव्हा ऑफिसात उष्णतेच्या लाटेचं टिपण करत होते. संध्याकाळी गार्डने सांगितलं की तिच्या नवऱ्याने तिला दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांनी गावी. ती परत आली नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी मेट्रोकडे निघाले होते, तर महिनाभर बाहेरगावी राहून परतलेले काका गेटपाशी काखेत कपड्यांचं गाठोडं घेऊन उभे.

"इस्त्रीवाली कुठे गायब झाली गं? टेबलही दिसत नाही."

पूर्ण हिवाळ्याचे वाद माझ्या जिभेवर तयार होते. पण सकाळी आठलाच जमीन इतकी तापली होती की आलेखांची आठवणसुद्धा नको वाटली.

"झाड गेलं ना, काका. भर उन्हात निखाऱ्यांची इस्त्री घेऊन ती उभी कशी राहणार? पडली ती इथे. गावी नेलं तिला."

काकांनी त्या खोडाकडे पाहिलं. गाठोडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. मला वाटलं, आता मेचं मेमध्ये बघू म्हणतील.

"अगं, पण हे तेव्हा कोणी बोललंच नाही," ते म्हणाले. "मी असा राक्षस आहे का? तुझा कागद मी शब्दन् शब्द वाचला होता. त्यात ती कुठे होती?"

ते गेल्यावर मी गेटच्या भिंतीच्या वीतभर सावलीत उभी राहिले आणि मोबाइलमधला फोटो शोधला. पहिल्या क्रमांकापासून सहीपर्यंत शेरा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. काका बरोबर म्हणत होते.