सतरा मार्च आणि आमच्या चुगलखोर काकू

आमच्या घरमालकीण काकू चुगलखोर आहेत, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते.

परवा काकू गेल्या.

गारखेड्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी राहायचो. मी स्पर्धा परीक्षेवाली. निकिता सिल्लोडची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

काकूंचा कुणावरच विश्वास नव्हता. आमचं कुरिअर आलं की आधी त्या हलवून बघायच्या. मैत्रीण आली की तिचं गाव, आडनाव, सगळं जिन्यातच विचारून व्हायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये निकिताला डब्लिनच्या युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर आलं. घरी पत्ता नव्हता. पप्पा तिच्यासाठी स्थळं बघत होते. स्कॉलरशिपचं नक्की झालं की सांगू, असं तिनं ठरवलेलं.

सतरा मार्चला आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिक्स डे. त्या दिवशी हिरवं घालतात म्हणे. आमच्या गल्लीतल्या कॅफेनंही हिरवे फुगे लावलेले, कॉलेजच्या पोरांना फोटोला निमित्तच लागतं.

निकिता म्हणाली, जायचंच आहे तर त्यांचा सण करून बघू. मग हिरवे ड्रेस, खस सरबत, क्लासच्या चार मैत्रिणी.

पाचव्या मिनिटाला काकू दारात.

"कुणाचा सण हाय ह्यो?"

"आयर्लंडचा, काकू."

"मग तुम्ही कशाला करायलात?"

काकूंनी माझ्या हातातला ग्लास घेतला, वास घेतला आणि अख्खा पिऊन टाकला. साखर लई झाली म्हणाल्या आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताचे पप्पा हजर. तिला बॅग भरायला लावली आणि सिल्लोडला घेऊन गेले.

जाण्याआधी ते अंगणात काकूंशी अर्धा तास बोलत होते. मी गॅलरीतून बघितलं. अजून काय पुरावा पाहिजे?

तेव्हापासून काकूंशी कामापुरतं. त्या धपाटे पाठवायच्या, मी डबा तसाच परत करायचे. केलेलं झाकायला बघतायत, असंच वाटायचं.

दोन महिन्यांनी पप्पा कसे कोण जाणे तयार झाले. निकिता डब्लिनला गेली. मला वाटलं, तिच्या हट्टापुढं नमले.

काल निकिताचा फोन आला. रडत होती. मी म्हटलं, ज्या बाईनं तुझं नाव सांगितलं तिच्यासाठी कशाला रडतेस?

ती म्हणाली, "अगं, पप्पांनी तुझं स्टेटस बघितलं होतं."

हिरव्या ड्रेसमधला आमचा फोटो. वर लिहिलेलं, 'लवकरच डब्लिन!'

मीच टाकलेला. निकिताला डेंग्यू झाला तेव्हा पप्पांचा नंबर मी सेव्ह केला होता, माझा त्यांनी. माझ्या ध्यानातच नव्हतं.

अंगणात काकू त्यांना समजावत होत्या, पोरीला जाऊ द्या म्हणून. नंतर दोनदा एसटीनं सिल्लोडला गेल्या.

आणि निकिताला बजावलं होतं, "तिला सांगू नको. परीक्षा तोंडावर हाय तिची. माझ्यावर चिडली तर चिडू दे, अभ्यासातनं मन उडायला नको."

परीक्षा झाल्यावर काकूंनीच मला सांगितलं असेल, असं निकिता धरून चालली होती.

मी पास झाले, तेव्हा पेढे घेऊन अख्खी गल्ली फिरले. काकूंच्या दारावरून तशीच पुढं गेले.

काकू, एकदा तरी तुम्हाला तोंडावर विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

माफ करा. सुखानं जा.